जुन्या शूटिंग गेम्स नव्या कॉम्प्युटरवर चालवायच्या कशा, आयजीआयपासून डूमपर्यंत

मे महिन्यात भाचा आला होता पुण्याहून. सोलापूरचं मेमधलं ऊन तुम्हाला माहितीच आहे, दुपारी बाराच्या पुढं घराबाहेर पाय टाकायची सोय नाही, म्हटलं चला ह्याला दाखवू आम्ही नववी-दहावीत काय खेळायचो ते. कपाटातनं आयजीआय ह्या शूटिंग गेमची सीडी काढली, लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नाही म्हणून मित्राकडनं यूएसबीवाला ड्राइव्ह आणला, इन्स्टॉल केली, आयकॉनवर डबल क्लिक केलं, दोन सेकंद स्क्रीन काळी आणि परत डेस्कटॉप. भाचा म्हणतो, मामा ही गेम मेली वाटतं.

मेली नव्हती. चार दिवस बसलो आणि आयजीआयच नाही, डूम, क्वेक, ड्यूक, काउंटर स्ट्राइक सगळं त्याच साध्या लॅपटॉपवर चालवून दाखवलं, त्याला वेगळं ग्राफिक कार्डपण नाही. हे सांगायचं कारण असं की मागं एका दुकानात माझ्या मेव्हण्याला सांगितलेलं की जुन्या गेम चालवायला नवीन ग्राफिक कार्ड टाकावं लागेल, नाहीतर विंडोज एक्सपी मारून देतो म्हणे. दोन्हीची काही गरज नाही. ह्यातला रुपयासुद्धा खर्च करू नका.

आधी एक गोष्ट डोक्यात बसवा, मग पुढचं सगळं सोपं जातं. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत चादरीच्या कारखान्यात होते. जकार्ड मागावर चादरीचं डिझाईन मागात नसतं, ते वर टांगलेल्या भोकं पाडलेल्या कार्डांच्या माळेत असतं. माग मोडीत गेला तरी चालतो, कार्डं जपून ठेवली असली की त्याच मापाच्या दुसऱ्या जकार्डवर तोच मोर आणि तेच फूल उतरतं. गेमचं तसंच आहे. गेमच्या फोल्डरमध्ये एक ईएक्सई फाईल असते, जिच्यामुळं गेम चालू होते, ती म्हणजे माग, आणि बाकीचे नकाशे, चित्रं, आवाज, राक्षस हे सगळं डेटा फाईलमध्ये असतं, ती कार्डं. नव्या विंडोजवर जे बंद पडतं ते बहुतेक वेळा मागच असतो. लोक त्या जुन्या ईएक्सईवर राईट क्लिक करून कंपॅटिबिलिटी मोड (जुन्या विंडोजसारखं चालवायचं सेटिंग) बदलत तासन् तास बसतात, तेवढ्यात डेटा उचलून नव्या इंजिनाला, म्हणजे नव्या मागाला, दिला असता तर गेम चालू झाली असती.

डूम, क्वेक ह्या गेम्सच्या बाबतीत हे एकदम सोपं आहे कारण त्या बनवणाऱ्या आयडी सॉफ्टवेअरवाल्यांनी त्यांचा सोर्स कोडच, म्हणजे ज्यातनं ईएक्सई बनते तो लिहिलेला प्रोग्राम, लोकांना देऊन टाकला. डूमचा १९९७ ला, क्वेकचा १९९९ ला, क्वेक टूचा २००१ ला आणि क्वेक थ्रीचा २००५ ला. ड्यूक न्यूकेम थ्रीडीचा पण २००३ ला आला. जगभरच्या पोरांनी त्यावरनं नवीन इंजिनं बनवली, त्यांना सोर्स पोर्ट म्हणतात, सगळी फुकट आहेत आणि बरीच आजपण अपडेट होतात.

डूमसाठी जीझेडडूम घ्या. झिप फाईल येते, ती सी ड्राइव्हवर एक गेम्स नावाचं फोल्डर करून तिथं उघडा. प्रोग्राम फाईल्समध्ये नको, आणि हे सगळ्याच जुन्या गेम्सना लागू आहे, कारण त्या काळच्या गेम आपलं सेव्ह आपल्याच फोल्डरमध्ये लिहायच्या आणि आताचं विंडोज प्रोग्राम फाईल्समध्ये असं लिहू देत नाही, मग सेव्ह भलतीकडं जातं नाहीतर होतच नाही. आता डूमची वॅड फाईल, म्हणजे तिचा डेटा, शोधा, पहिल्या डूमची वेगळी आणि डूम टूची वेगळी असते. जुनी सीडी असेल तर तिच्यात मिळेल, स्टीम ह्या गेमच्या ऑनलाइन दुकानात घेतली असेल तर गेमवर राईट क्लिक करून मॅनेजमध्ये ब्राउज लोकल फाईल्स दाबा, तिथल्या फोल्डरात असते. ती वॅड जीझेडडूमच्या ईएक्सईशेजारी पेस्ट करा आणि डबल क्लिक करा. झालं, एवढंच आहे. विकत घ्यायची नसेल तर पहिल्या डूमचा पहिला भाग कंपनीनं तेव्हाच शेअरवेअर म्हणून फुकट दिला होता, त्याची वॅडपण चालते, नाहीतर फ्रीडूम म्हणून लोकांनी बनवलेला पूर्ण मोफत डेटा आहे.

माझं मत विचाराल तर जीझेडडूममध्ये गेल्यावर डिस्प्लेच्या ऑप्शनमध्ये टेक्स्चर फिल्टर चालू असेल तर आधी बंद करा. ते चालू असलं की राक्षस पाण्यात भिजलेल्या कागदासारखे दिसतात, आणि डूमची मजाच त्या ठसठशीत चौकोनी ठिपक्यांत आहे. ज्याला १९९३ चं डूम जसंच्या तसं बघायचंय त्यानं चॉकलेट डूम घ्यावं, ते मूळच्याच ३२० बाय २०० रिझोल्युशनला आणि सेकंदाला ३५ फ्रेमवर, म्हणजे ३५ चित्रांवर, चालतं, माउसनं वर-खाली बघता येत नाही कारण मूळ गेममध्ये ते नव्हतंच. नवीन पोराला मात्र जीझेडडूमच द्या.

क्वेकसाठी मी आयर्नवेल वापरतो, क्वेकस्पाझम पण चांगलं आहे. ह्यात आयडीवन नावाचं आख्खं फोल्डर लागतं, त्याच्यात पॅक झिरो आणि पॅक वन अशा दोन फाईल असतात, ते फोल्डर इंजिनाच्या ईएक्सईशेजारी ठेवायचं. लिनक्सवर करत असाल तर फाईलची नावं स्मॉल अक्षरांत करा, सीडीवर कॅपिटलमध्ये असतात आणि लिनक्सला ती सापडत नाहीत. ह्यात माझी एक दुपार गेली ती संगीतापायी, गेम चालू झाली, गोळ्यांचा आवाज येतोय पण म्युझिक नाही, मी साउंड ड्रायव्हर काढून परत टाकला, स्पीकर बदलले, तरी नाही. कारण असं की क्वेकचं संगीत फाईलमध्ये नव्हतंच, ते सीडीवर ऑडिओ ट्रॅक म्हणून होतं, सीडी ड्राइव्हमध्ये असेल तेव्हाच वाजायचं. ते ट्रॅक ओजीजी फॉरमॅटमध्ये काढून आयडीवनच्या आत म्युझिक नावाचं फोल्डर करून त्यात टाकायचे, नावं ट्रॅक०२ ते ट्रॅक११ अशी. पहिला नंबर नाही, तो सीडीवर डेटाचा ट्रॅक असतो. ते वाजायला लागलं तेव्हा खोलीतली हवाच बदलली हो, भाच्यानं हेडफोन काढून माझ्याकडं बघितलं.

ड्यूकला ईड्यूक३२ घ्या आणि सीडीवरची जीआरपी नावाची डेटा फाईल द्या, किंवा रेझ घ्या, त्यात ड्यूक, ब्लड, शॅडो वॉरिअर सगळं एकाच इंजिनात चालतं. क्वेक टूला यामागी क्वेक टू. क्वेक थ्रीला आयओक्वेक थ्री, आणि त्यात सीडीवरची पॅक झिरो फाईल तर लागतेच पण पॅक वन ते पॅक एट ह्या नंतरच्या पॅचच्या फाईलपण लागतात, त्या आयओक्वेकवाल्यांच्याच साईटवर मिळतात, लोक तिथंच अडकतात. मूळ क्वेक थ्री आणि त्याच्या इंजिनावरच्या बऱ्याच गेम नव्या ग्राफिक ड्रायव्हरवर चालू होतानाच का पडतात तेपण सांगतो. गेम चालू होताना ग्राफिक कार्डाला विचारते की तुला काय काय येतं, तेव्हाच्या कार्डाचं उत्तर चार ओळींचं असायचं, आताच्या कार्डाचं उत्तर पानभर असतं आणि गेमनं त्यासाठी ठेवलेली जागा पुरत नाही. मेडल ऑफ ऑनर अलाइड असॉल्टचं हेच दुखणं आहे, तिच्यासाठी ओपनमोहा म्हणून इंजिन आहे ते वापरा. रिटर्न टू कॅसल वुल्फेनस्टाईनला आयओआरटीसीडब्ल्यू.

अनरिअल टूर्नामेंटवाल्यांचं नशीब चांगलं, गेमच्या मालक एपिक कंपनीच्या परवानगीनं ओल्डअनरिअल ह्या चाहत्यांच्या गटानं पूर्ण गेमचा इन्स्टॉलरच २०२४ पासून उपलब्ध केलाय, नवीन पॅचसकट. हाफ लाईफ आणि काउंटर स्ट्राइक १.६ स्टीमवर आहेतच, हाफ लाईफला २५ वर्षं झाली तेव्हा नोव्हेंबर २०२३ ला मोठा अपडेट आला, त्यामुळं वाइड स्क्रीनचा प्रश्नच मिटला.

आता आयजीआय. आपल्याकडं कॅफेत सगळ्यात जास्त हीच चालायची, सात रस्त्याच्या मागं एक कॅफे होता तिथं आम्ही चार जण एका खुर्चीमागं उभं राहायचो, एकजण खेळणार आणि बाकीचे कॅमेरा कुठं आहे, सायरन कुठं आहे ते सांगणार, कारण मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, मेलं की पहिल्यापासून. तिचा सोर्स कोड कुणी दिलेला नाही, म्हणजे माग तोच जुना वापरावा लागणार. मग काय करायचं तर मागाच्या आणि नव्या विंडोजच्या मध्ये एक दुभाषा बसवायचा. त्याचं नाव डीजीव्हूडू टू. गेम आणि ग्राफिक कार्ड विंडोजमध्ये ज्या भाषेत बोलतात तिला डायरेक्टएक्स म्हणतात, जुनी गेम जुन्या डायरेक्टएक्समध्ये बोलते, हा ते ऐकून डायरेक्टएक्स ११ मध्ये ग्राफिक कार्डाला सांगतो. आयजीआय टू, डेल्टा फोर्सच्या काळातल्या बऱ्याच गेम्सना हाच उपाय.

त्याची झिप उघडली की आत एमएस नावाचं फोल्डर, त्याच्या आत एक्स८६ नावाचं फोल्डर. त्यातल्या सगळ्या डीएलएल फाईल कॉपी करा, बाहेर एक कंट्रोल पॅनेलची ईएक्सई आहे तीपण घ्या, आणि हे सगळं गेमची खरी ईएक्सई जिथं आहे तिथं पेस्ट करा. खरी म्हणतोय कारण पुष्कळदा ती आतल्या एखाद्या फोल्डरमध्ये असते आणि लोक बाहेरच पेस्ट करून मोकळे होतात. डेस्कटॉपच्या आयकॉनवर राईट क्लिक करून ओपन फाईल लोकेशन केलं की बरोबर जागी नेऊन सोडतं. मग ती कंट्रोल पॅनेलची ईएक्सई उघडा, वर फोल्डरचा रस्ता दिसतो तो गेमच्याच फोल्डरचा आहे का बघा, नसेल तर शेजारच्या टिंब-स्लॅशच्या बटणावर दाबा, नाहीतर सेटिंग दुसरीकडंच सेव्ह होतात. डायरेक्टएक्सच्या टॅबमध्ये वॉटरमार्कवर टिक असू द्या, अप्लाय करा, गेम चालू करा. खालच्या कोपऱ्यात डीजीव्हूडूचा शिक्का दिसला म्हणजे दुभाषा कामाला लागला. दिसला नाही तर फाईल चुकीच्या फोल्डरमध्ये आहेत, दुसरं काही शोधत बसू नका. एकदा दिसला की टिक काढून टाका. आमच्याकडं तो शिक्का दिसला आणि पाठोपाठ पहिल्या मिशनचं रेल्वे यार्ड आलं, तेव्हा भाच्यापेक्षा जास्त मी ओरडलो असेन.

गेम चालूच होत नाही आणि विंडोज डायरेक्टप्ले नावाचा जुना भाग मागतंय असं झालं तर घाबरू नका, कंट्रोल पॅनेलमध्ये टर्न विंडोज फीचर्स ऑन ऑर ऑफमध्ये जा, लेगसी कंपोनंट्स उघडा, डायरेक्टप्लेवर टिक करा. सेटअपच चालत नसेल तर बऱ्याचदा तो इन्स्टॉलर १६ बिटचा असतो आणि ६४ बिटच्या विंडोजला १६ बिटचं काहीच चालवता येत नाही, अशा वेळी सीडीवरचा डेटा हातानं कॉपी करून बघा. डॉसच्या, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सिस्टीमच्या, गेमचंपण तेच, आणि जिला सोर्स पोर्ट नाही तिला डॉसबॉक्स हा प्रोग्राम, गेमची ईएक्सई उचलून डॉसबॉक्सच्या आयकॉनवर नेऊन सोडली की चालू होते, माउस अडकला तर कंट्रोल एफ१० दाबा.

एक गोष्ट कळकळीनं सांगतो. त्या काळच्या पुष्कळ सीडींवर सेफडिस्क नावाचं कॉपी प्रोटेक्शन होतं आणि विंडोज १० पासून मायक्रोसॉफ्टनं त्याचा ड्रायव्हर सुरक्षेपायी बंदच करून टाकला, म्हणजे सीडी ओरिजिनल असली तरी गेम म्हणणार सीडी टाका. मग लोक क्रॅक, म्हणजे सीडीची तपासणी काढून टाकलेली ईएक्सई, शोधायला जातात. माझ्या एका मित्रानं असंच काहीतरी उतरवलं आणि बहिणीच्या लग्नाच्या फोटोंसकट सगळ्या फाईल लॉक झाल्या, परत मिळाल्या नाहीत. स्टीमवर किंवा जीओजी ह्या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात सेलमध्ये ह्यातल्या बऱ्याच गेम कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या पुड्याएवढ्या किमतीत येतात, तिथं सीडी मागायचा प्रश्नच नाही, घ्या तिथनं.

चालू झाल्यावर दोन गोष्टी नीट करा. पहिली, एफओव्ही, म्हणजे डावी-उजवीकडं किती दिसतं तो कोन. जुन्या चौकोनी मॉनिटरवर ९० डिग्री दिसायचं, तेवढंच वाइड स्क्रीनवर ठेवलं तर वरनं-खालनं चित्र कापलं जातं, बंदूक तोंडाशी आल्यासारखी वाटते आणि काहींना मळमळतं. १६ बाय ९ स्क्रीनवर १०६ ठेवा. नवीन इंजिनांपैकी काही हे आपोआप करतात, तेव्हा आधी बघा मगच बदला. दुसरी, फ्रेम रेट. जुन्या गेमनी कधी सेकंदाला ३०० फ्रेम बघितलेच नव्हते, क्वेकचं फिजिक्स ७२ च्या वर नेलं की बिघडायचं, लिफ्टमध्ये माणूस अडकायचा. क्वेक थ्रीमध्ये तर १२५ फ्रेमला उडी जरा उंच जाते, जुने खेळाडू मुद्दाम तेवढं ठेवायचे. काही विचित्र पळतंय वाटलं की ड्रायव्हरच्या सेटिंगमधनं ६० ला बांधून बघा.

दोघांनी मिळून खेळायचं असेल आणि दोन लॅपटॉप असतील तर एकाच वायफायवर घ्या, पहिल्यांदा गेम चालू करताना फायरवॉल विचारतं तेव्हा प्रायव्हेट नेटवर्कला हो म्हणा, इथं नाही म्हटलं तर नंतर कितीपण शोधा समोरचा सर्व्हर दिसत नाही. तरी नाही दिसला तर सर्व्हरवाल्याचा, म्हणजे ज्याच्या लॅपटॉपवर खेळ चालू केलाय त्याचा, आयपी नंबर बघून गेमच्या कन्सोलमध्ये (हुकूम टाइप करायची खिडकी) कनेक्ट आणि पुढं तो आयपी लिहा.

आणि सगळं जमलं की ते आख्खं गेम्स फोल्डर झिप करून पेन ड्राइव्हवर ठेवा. सोर्स पोर्टवाल्या गेम्सना इन्स्टॉल लागतच नाही, दुसऱ्या कॉम्प्युटरवर नेऊन उघडलं की चालू. भाचा जाताना घेऊन गेला, परवा फोन आला होता, मामा आयजीआयच्या तिसऱ्या मिशनला अडकलोय, सायरन कुठनं बंद करायचा.