कोकणात स्पोर्टी सेडान घ्यावी की मोठी लक्झरी सेडान? निवड कशी करावी

सत्तर-ऐंशी लाखांच्या घरातली गाडी बघायला निघालं की एक पेच हमखास पडतो. बीएमडब्ल्यूची लांबलचक ५३०एलआय जुलै २०२४ मध्ये ७२.९० लाखांना आली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात त्याच कंपनीची आकाराने लहान पण तिखट एम३४०आय ७४.९० लाखांना, दोन्ही एक्स-शोरूम (म्हणजे नोंदणी आणि विम्याआधीच्या किमती). म्हणजे खर्च जवळपास तेवढाच. एकीत मागे ऐसपैस पाय पसरून बसता येतं, दुसरी ४.४ सेकंदांत शंभरचा वेग गाठते. मर्सिडीजची सी-क्लास की ई-क्लास, ऑडीची ए४ की ए६, हाही पेच त्याच जातीचा.

मुंबई-पुण्यात हा बराचसा आवडीनिवडीचा प्रश्न आहे. दापोली, गुहागर, देवगड, वेंगुर्ल्यात राहणाऱ्यांना आणि दर सणाला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना मात्र आधी रस्ता बघावा लागतो. माझं स्पष्ट मत आहे की कोकणात गाडी ठरते ती हायवे सोडल्यानंतरच्या वाटेवर. म्हणून शोरूमचा विचार नंतर, सुरुवात घरापासून करा.

पायरी १ : टेप आणि दोरी घेऊन घरची वाट मोजा

एम३४०आय ४७१३ मिमी लांब, ५३०एलआय ५१६५ मिमी. फरक ४५ सेंटीमीटरचा. ई-क्लास ५०९२ मिमी. रुंदीत तेवढा फरक नाही. एम३४०आय ज्या ३ सिरीजमधली, तिची रुंदी १८२७ आणि ५३०एलआय ज्या ५ सिरीजमधली, तिची १९०० मिमी, तेही आरसे सोडून. त्यामुळे ‘मोठी गाडी रस्त्यात मावणार नाही’ ही भीती रुंदीपुरती फारशी खरी नाही. अडचण लांबीची आहे.

एकेरी डांबरी रस्ता साधारण पावणेचार मीटरचा असतो, गावाकडे त्याहूनही अरुंद. समोरून अडीच मीटर रुंदीची एसटी आली की कुणाला तरी साईडपट्टीवर उतरावं लागतं, नाहीतर मागे जावं लागतं. मागे जाणार तुम्हीच. एका अंगाला गडगा, दुसऱ्या अंगाला पावसात भरून वाहणारा व्हाळ, आणि मध्ये वळण. तिथे पाच मीटरची गाडी रिव्हर्स घेताना कॅमेरा मदत करतो, पण त्याच्या काचेवर चिखल उडाला असेल तर तोही करत नाही. अशा जागा तुमच्या वाटेवर किती आहेत ते चालत जाऊन मोजा. गेटच्या चिरेबंदी खांबांमधलं अंतर आणि गेटसमोर वळायला मिळणारी जागाही लिहून घ्या. लांब व्हीलबेसच्या (म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतराच्या) गाडीचं मागचं दारही लांब असतं. मांडवात गाडी लावल्यावर ते पुरतं उघडेल का, हे आत्ताच बघा.

आता दोरी. हायवेवरून गावात उतरताना किंवा अंगणात चढताना जिथे चढ अचानक संपतो, तिथे गाडीचं पोट टेकतं. दोन्ही गाड्यांची जमिनीपासूनची उंची समजा १५ सेंटीमीटर धरली, तरी व्हीलबेस जितका लांब तितकं पोट लवकर टेकतं. एम३४०आयचा व्हीलबेस २८५१ मिमी, ५३०एलआयचा ३१०५. गणित केलं तर पहिली साधारण १२ अंशांचा उंचवटा ओलांडेल, दुसरी ११ अंशांचा. एक अंश म्हणजे काहीच नाही असं वाटेल, पण आपल्याकडचे सिमेंटचे घरगुती उतार आणि हौसेने बांधलेले स्पीडब्रेकर बरोबर याच हद्दीवर असतात.

घरच्या घरी तपासायची रीत सोपी आहे. व्हीलबेसएवढ्या लांबीची दोरी घ्या. दोघांनी उंचवट्याच्या अलीकडे-पलीकडे उभं राहून दोरीची टोकं जमिनीपासून १५ सेंटीमीटरवर ताणून धरा. मधे दोरी जमिनीला लागली, तर गाडीही लागणार. मग टोकं १२ सेंटीमीटरवर आणून पुन्हा बघा, कारण पाच माणसं आणि सामान भरल्यावर गाडी खाली बसते. विक्रेत्याने सांगितलेला आकडा रिकाम्या गाडीचा की भरलेल्या, हेही विचारून घ्या. दोन्ही प्रकारचे आकडे छापले जातात आणि त्यावरून गैरसमज होतात.

फेरीबोटीने जाणाऱ्यांनी आणखी एक जागा बघावी. दाभोळ–धोपावे, जयगड–तवसाळ, वेश्वी–बागमांडला, आगरदांडा–दिघी, सगळीकडे गाडी फळीवरून चढवावी लागते. भरतीला ही फळी बऱ्यापैकी सपाट असते, ओहोटीला तिचा कोन वाढतो. तेव्हा स्पोर्टी गाडीचा खाली झुकलेला पुढचा बंपर आणि लांब गाडीचं पोट, दोन्हींना धोका असतो. माणसं उतरवून, थोडं तिरकं, अगदी हळू चढवायचं. रोज फेरी धरावी लागत असेल तर या दोन्ही गाड्यांऐवजी उंच गाडीचा विचार करा, असं मी म्हणेन.

पायरी २ : कोण कुठे बसणार?

घरात गुडघे दुखणारं कुणी असेल तर त्या व्यक्तीला शोरूममध्ये सोबत न्या. कॅटलॉगात पाय ठेवायच्या जागेचा आकडा असतो, पण त्रास होतो तो खाली बसताना आणि उठताना. आईला साडीत मागच्या सीटवर दोन-तीनदा चढ-उतार करायला लावा. तिचा हात कुठे जातो ते बघा. दाराच्या चौकटीला धरून, ‘अरे देवा’ म्हणत ती उठत असेल तर ती गाडी तिच्यासाठी नाही, मग ती कितीही महाग असो. स्पोर्टी सेडान बहुधा आणखी खाली बसते आणि तिचं मागचं दार लहान असतं. इथे मोठी गाडी सरळ जिंकते. दार रुंद, पाय वळवायला जागा आणि पाठीला टेकण चांगलं.

पण दुसरीही बाजू आहे. आपल्याकडे घाटात पुष्कळांना गाडी लागते. कुंभार्ली किंवा आंबा घाटात वळणामागून वळण येतं तेव्हा मऊ सस्पेन्शनची गाडी डुलते आणि मागे बसलेल्याच्या पोटात ढवळतं. स्पोर्टी गाडीचा सांगाडा वळणात कमी कलतो, डुलणं लवकर थांबतं. त्यामुळे सपाट हायवेवर सुखाची वाटणारी गाडी घाटात त्याच माणसाला नकोशी होऊ शकते. गाडी कोण चालवतं यावर तर सगळंच अवलंबून आहे. ब्रेक-एक्सिलरेटरची धसमुसळ करणाऱ्याच्या मागे कुठल्याच गाडीत झोप लागत नाही.

डिकीचं लिटरमधलं माप विसरा. आंब्याची एक रिकामी पेटी सोबत न्या आणि किती बसतील ते तिथेच मोजा. सेडानची डिकी खोल असते, पण तोंड लहान असतं. काही गाड्यांत स्टेपनी डिकीतच आडवी पडलेली असते, मग कंपनीचं माप कागदावरच राहतं. गणपतीची मूर्ती पेणहून आणायची असेल तर ती डिकीत नव्हे, मागच्या सीटवर कुणाच्या तरी मांडीजवळ येते. तिथे मोठ्या गाडीतली जागा कामी येते.

पायरी ३ : वेगाचे आकडे बाजूला ठेवा, टायरचे वाचा

मोठी म्हणजे मंद, हा समज आता खरा नाही. ई-क्लासमधली ई४५० शंभरचा वेग ४.५ सेकंदांत गाठते, म्हणजे एम३४०आयच्या बरोबरीने. फरक पळण्यात नसून वळण्यात आणि थांबण्यात जाणवतो. उलट, ५३०एलआयच्या २५८ हॉर्सपॉवरसुद्धा मुंबई–गोवा महामार्गावर कधी कमी पडणार नाहीत.

टायर मात्र जपून निवडा. टायरवर २५५/३५ आर१९ असं लिहिलेलं असेल तर त्याची बाजूची भिंत जेमतेम ८९ मिमी उंच आहे. २२५/५० आर१७ची भिंत ११२ मिमी. बाहेरून दोन्ही चाकं जवळपास एकाच उंचीची, पण खड्ड्याचा मार सोसायला दुसऱ्यात सव्वादोन सेंटीमीटर रबर जास्त. पावसाळ्यात पाण्याने भरलेला खड्डा दिसतच नाही. पातळ टायर त्यात पडला की टायर फुगतो आणि अलॉयची कडाही वाकते. कंपनी त्याच मॉडेलमध्ये लहान चाकांचा पर्याय देत असेल तर डोळे झाकून तो घ्या. गाडी थोडी कमी रुबाबदार दिसेल, तेवढं चालवून घ्यावं.

टायर रनफ्लॅट आहेत का, हेही विचारा. पंक्चर झाल्यावर त्यांवर साधारण ८० किमी अंतर, ताशी ८०च्या आत, जाता येतं. पण नवा टायर राजापुरात किंवा खेडमध्ये लगेच मिळेलच असं नाही. स्टेपनी येत नसेल तर ती वेगळी मागून घ्या.

चाकांना ताकद कुठून मिळते तेही बघा. एम३४०आय चारही चाकांवर चालते, ५३०एलआय फक्त मागच्या. श्रावणात शेवाळलेल्या सिमेंटच्या उतारावरून अंगणात चढायचं असेल तर हा फरक महत्त्वाचा आहे.

पायरी ४ : टेस्ट ड्राइव्ह आपल्या रस्त्यावर घ्या

शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर पंधरा मिनिटं फिरवून आणतात. तेवढ्यावर निर्णय घेऊ नका. लांब टेस्ट ड्राइव्ह मागा, एवढ्या किमतीच्या गाडीसाठी ती मागणं रास्त आहे. जमलं तर एक घाट त्यात असू द्या. रत्नागिरीकरांना आंबा, चिपळूणकरांना कुंभार्ली, सावंतवाडीकरांना आंबोली. कशेडीचा बोगदा सरळ निघून जातो, त्यात काही कळत नाही.

उतरताना स्टिअरिंगमागच्या पॅडलने गिअर खाली घ्या आणि इंजिन गाडी कितपत रोखून धरतं ते बघा. रोजच्या गावच्या रस्त्यावर ताशी ३०-४०ने जा, कारण खराब रस्त्यावर तुमचा खरा वेग तोच असणार. स्पोर्टी गाडी बहुधा याच वेगाला जास्त दणके देते, वेग वाढला की सुधारते. कम्फर्ट मोडमध्येही दणके पाठीत बसत असतील तर पुढे सवय होईल या आशेवर राहू नका. आणि काही वेळ स्वतः मागे बसा. मालक मागे बसून बघतच नाहीत.

पायरी ५ : खारा वारा, पाऊस आणि सर्व्हिस सेंटर

समुद्राजवळ दोन्ही गाड्यांचं दुखणं एकच. उभ्या गाडीच्या ब्रेक डिस्कवर तांबूस थर येतो, तो थोडं चालवलं की जातो. पण खालच्या बाजूच्या नटबोल्टांवर आणि एसीच्या कंडेन्सरवर बसलेलं मीठ आपोआप जात नाही. गोड्या पाण्याने खालून धुणं आणि गंजरोधक कोटिंग हवंच. पुळणीवर गाडी घालू नका. पावसाळ्यात बंद गाडीतल्या लेदरवर बुरशी धरते, म्हणून गावी आठवडाभर उभी ठेवायची असली तरी मधे एकदा एसी लावून चालवून आणा. उंदीर वायरी कुरतडतात, तेव्हा बोनेटखाली अधूनमधून नजर टाकत जा.

डिझेलच्या मोहात पडणाऱ्यांनी आपला रोजचा प्रवास बघावा. घर ते बाजार अशा छोट्या फेऱ्या असतील तर डिझेलचा काजळी धरणारा फिल्टर पुरता तापत नाही आणि चोंदतो. महिन्यातून बरेचदा मुंबई असेल तरच डिझेल.

सर्व्हिस सेंटर तुमच्यापासून किती तास लांब आहे आणि गाडी बंद पडली तर फ्लॅटबेड (गाडी पाठीवर घेऊन जाणारा ट्रक) कुठून येतं, हे लेखी विचारा. सिंधुदुर्गाला गोवा जवळ पडतो, रायगडला मुंबई. मधल्या रत्नागिरीकराने हे उत्तर मिळाल्याशिवाय बुकिंगची रक्कम देऊ नये.

मग कुठली?

स्वतः चालवता, घाट वारंवार, मागची सीट बहुतेक वेळा रिकामी किंवा मुलांची : स्पोर्टी घ्या, लहान चाकांवर. ड्रायव्हर आहे, आईवडील सोबत असतात, घर महामार्गापासून चांगल्या रस्त्याने जोडलेलं आहे : मोठी घ्या आणि दोनदा विचार करू नका. दोन्ही थोडं थोडं हवं असेल तर ३ सिरीजची लांब आवृत्ती बघा. तिचा व्हीलबेस २९६१ मिमी, म्हणजे साध्या ३ सिरीजपेक्षा ११ सेंटीमीटर जास्त. लांबी मात्र साधारण ४.८२ मीटरच. कोकणातल्या पुष्कळ घरांना हीच सर्वांत बरी बसेल, असं मला वाटतं.

पायरी ६ : पैसे आणि विमा

२२ सप्टेंबर २०२५ पासून या दोन्ही प्रकारच्या गाड्यांवर ४० टक्के जीएसटी आहे, वेगळा सेस गेला. त्यामुळे कराच्या बाबतीत मोठी-लहान असा भेद नाही. महाराष्ट्रात २० लाखांवरच्या पेट्रोल गाडीला १३ टक्के आणि डिझेलला १५ टक्के रोड टॅक्स लागतो, कंपनीच्या नावावर घेतली तर २० टक्के. दहा लाखांवरच्या गाडीवर विक्रेता १ टक्का टीसीएस, म्हणजे आगाऊ आयकर, घेतो; तो आयकर विवरणपत्र भरताना वळता करून घ्या.

विम्यात झिरो डेप्रिसिएशन (म्हणजे सुट्या भागांची झीज न कापता भरपाई) तर घ्याच, पण टायरचं संरक्षण आणि इंजिनचं संरक्षण ही दोन कलमं कोकणात टाळू नका. २२ जुलै २०२१ला चिपळुणात वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा उभ्या गाड्या बुडाल्या. सेडानला हवा ओढायची जागा खाली असते, त्यामुळे पाणी लवकर इंजिनात जातं. पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्ट करायची नाही, करू द्यायची नाही. सिलिंडरात पाणी असताना बटण दाबलं की कनेक्टिंग रॉड वाकतो आणि साधा विमा बहुधा तो खर्च देत नाही. घरातल्या प्रत्येक चालवणाऱ्याला आणि ड्रायव्हरला हे गाडी घरी येण्याआधी सांगून ठेवा, आणि विमा कंपनीचा व फ्लॅटबेडचा नंबर गाडीतच लिहून चिकटवा.