नागपुरात छोटं कविसंमेलन भरवायचंय? मग आधी घड्याळ बघा

नागपुरात कवींची कमी नाही, दर वस्तीत दोन-तीन तरी निघतातच, कमी आहे ती शेवटपर्यंत बसून ऐकणाऱ्यांची. आणि लोक उठून जातात ते कविता वाईट असते म्हणून कमी, कार्यक्रम आटपत नाही म्हणून जास्त. दीपप्रज्वलन, सत्कार, प्रास्ताविक, सत्कार, पाहुण्यांचं मनोगत, परत एक राहिलेला सत्कार, आणि कविता सुरू होते तेव्हा साडेआठ वाजलेले असतात, बायामाणसांना घरी जायचं असते, पोरांना भूक लागलेली असते. म्हणून खाली जे सांगून राह्यलो ते सगळं एकाच हिशोबाने आहे, ऐकणाऱ्याची दीड तास नीट सोय करायची, बाकी सगळं त्याच्या मागून.

१. आधी दोन-चार ठिकाणी नुसतं ऐकायला जा

झाशी राणी चौकात विदर्भ साहित्य संघ आहे, १९२३ च्या संक्रांतीला अमरावतीत स्थापना झाली आणि मग कारभार नागपूरला आला, तिथे काही ना काही सुरूच असते. त्यांचं 'युगवाणी' त्रैमासिक हाती लागलं तर चाळा, विदर्भात सध्या कोण काय लिहून राह्यलं ते त्यातून कळते. त्याच चौकात मोर भवनला हिंदी साहित्य संमेलनाची जागा आहे, तिकडे हिंदीवाल्यांचे कार्यक्रम. मोमिनपुरा आणि कामठीकडे मुशायऱ्याची जुनी परंपरा आहे आणि उर्दू वाचता येत नसली तरी ऐकायला काही अडत नाही. उत्तर नागपुरात आणि दीक्षाभूमीच्या आसपास आंबेडकरी कवितेचे कार्यक्रम होतात, आणि माझं मत विचाराल तर सगळ्यात जागे श्रोते तिथे भेटतात, ओळ आवडली नाही तर चेहऱ्यावर दिसते.

पेपरात शहरातल्या आजच्या कार्यक्रमांचा बारीक अक्षरातला कॉलम असतो तो रोज बघा, वाचनालयाच्या बोर्डवर नजर टाका आणि एखाद्या कार्यक्रमानंतर चहापाशी थांबून व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नंबर टाकून घ्या. त्या ग्रुपवर सकाळी पन्नास सुप्रभात येतील, म्यूट करा, पण सोडू नका, निमंत्रणं तिथेच पडतात.

ऐकताना एक काम करा, मोबाईलमध्ये लिहून ठेवा की कोणत्या कवीच्या वेळी लोकांनी मोबाईल खाली ठेवला. तुमची कवींची यादी त्यातून निघेल, कोणाचे किती संग्रह निघाले त्यातून नाही.

२. तारीख

२७ फेब्रुवारी म्हणजे मराठी भाषा गौरव दिन, त्या आठवड्यात अख्खं गाव कविसंमेलन घेते, चांगले कवी एका संध्याकाळी तीन ठिकाणी पळत असतात आणि श्रोतेही तेच ते. तो आठवडा सोडा. १४ मार्च सुरेश भटांचा स्मृतिदिन आणि १५ एप्रिल त्यांची जयंती, या दोन तारखांना गझलवाले बिझी. फेब्रुवारी-मार्चमध्ये परीक्षा, एप्रिल-मेमध्ये लग्नं आणि वर ते ४५ डिग्री ऊन, मे महिन्यात संध्याकाळी सातच्या आधी कोणी घराबाहेर निघत नाही.

डिसेंबरमध्ये हिवाळी अधिवेशन कधी आहे ते आधी बघा. सिव्हिल लाइन्स, सीताबर्डी, धंतोली या भागात मोर्चे आणि बॅरिकेड्स असले की माणूस धरमपेठेतून बर्डीवर यायलाच वैतागते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तर विचारूच नका, मारबतीची मिरवणूक निघते, महालाकडची सगळी गर्दी रस्त्यावर असते आणि घरोघरी पोरांचा तान्हा पोळा असतो.

राहिलं काय? जुलै-ऑगस्ट, मग दिवाळी संपल्यावर नोव्हेंबर, आणि जानेवारी. यातला नोव्हेंबर मला सगळ्यात आवडतो कारण तेव्हा गच्चीवर बसता येते आणि हॉलच लागत नाही. वार शनिवार किंवा रविवार, अजून काय.

३. जागा छोटीच घ्या

रेशीमबागचं कविवर्य सुरेश भट सभागृह देखणं आहे पण तिथे २००० च्या आसपास खुर्च्या आहेत, साठ माणसं त्यात बसली की हवनाला बोलावल्यासारखी चार कोपऱ्यात विखुरतात आणि टाळी ऐकूच येत नाही. तेच साठ लोक वाचनालयाच्या खोलीत दाटीने बसवा, दहा दाराशी उभे राहू द्या, बघा कसा रंग चढते. पहिल्या वेळी चाळीस खुर्च्यांचा हिशोब धरा.

वाचनालय, शाळेचा वर्ग, सोसायटीचा हॉल, गच्ची, यात कुठेही चालते. कॅफेवाले फुकट जागा देतात खरे पण ऐन ओळीवर मिक्सर घुर्रर्र करतो, त्यामुळे तिथे बसायचं तर काउंटरपासून लांबचा कोपरा आणि मालकाशी आधीच बोलणी. मेट्रोच्या जवळ असेल तर सोनं, झाशी राणी चौक, शंकर नगर, एलएडी चौक ही स्टेशनं एकाच अॅक्वा लाइनवर आहेत, ज्येष्ठ मंडळी रात्री गाडी चालवत नाहीत त्यांची सोय होते.

४. कवी सहाच

हा मुद्दा सगळ्यात महत्त्वाचा आणि सगळ्यात भांडणाचा. सहा कवी गुणिले आठ मिनिटं म्हणजे ४८ मिनिटं. शिवाय नवोदितांसाठी दहा नावं, तीन-तीन मिनिटं, झाली ३०. निवेदनाला दहा-बारा. बसला ना दीड तासात? आता बारा कवी घ्या, प्रत्येकाला दहा मिनिटं द्या, दोन तास तिथेच गेले आणि दहा मिनिटं देऊन दहा मिनिटांत उठणारा कवी मी तरी बघितला नाही. "एक छोटीशी रचना ऐकवतो आणि थांबतो" हे वाक्य एकेकाच्या तोंडून तीन वेळा येते.

निवडताना सगळे गझलवाले किंवा सगळे मुक्तछंदवाले नका घेऊ. नागपूर अशा जागी बसलंय की पश्चिमेकडून वऱ्हाडी येते आणि पूर्वेकडून, म्हणजे भंडारा-गोंदिया-चंद्रपूरकडून, झाडीबोली. या दोन्ही बोलीतला एकेक कवी घेतला तर कार्यक्रमाचा सूरच बदलते, पण त्याला हसवायला म्हणून मध्ये टाकू नका, बोलीतली कविता म्हणजे विनोदी कविता हा गैरसमज आयोजकांनीच पसरवलाय. बायकांचंही तेच, सहात एक नाव उपकार केल्यासारखं घालायचं आणि वर तिला "आता वातावरण थोडं हळवं करूया" म्हणून बोलवायचं, हे बंद करा बाप्पा.

निमंत्रण फोनवर द्या आणि लगेच मागून मेसेज टाका, साधारण असा:

"नमस्कार सर, रविवारी काव्यवाचनाला येताय त्याचा आनंद आहे. चहा ६ वाजता, कविता साडेसहाला सुरू. आपल्यासाठी ८ मिनिटं ठेवली आहेत, दोन-तीन कविता होतील. एकूण सहा कवी आहेत. सत्कार वगैरे ठेवलेला नाही. येण्याजाण्याचं भाडं आम्ही देऊ."

"सत्कार ठेवलेला नाही" ही ओळ काढू नका. काही जण नाराज होतील, एखादा येणारही नाही, चालते. शाल-श्रीफळाच्या पैशात भाडं निघते आणि वर एकेक पुस्तक देता येते. बाहेरगावच्या, वर्धा-यवतमाळकडून येणाऱ्या कवीला तर भाडं हातात द्याच, पाकिटात, कार्यक्रमाच्या आधी, नंतर गर्दीत राहून जाते आणि तो बिचारा मागत नाही.

५. चहा आधी, कविता नंतर

आपल्याकडे सहाची वेळ म्हणजे पावणेसात. त्यावर शिव्या घालण्यापेक्षा सहाला तर्री पोहा आणि चहा ठेवा आणि पत्रिकेवर तसं स्पष्ट छापा. पोह्यासाठी लोक वेळेवर येतात हे नागपुरात वेगळं सांगायला पाहिजे का? साडेसहाला प्लेटा उचलायच्या आणि दार लावून घ्यायचं. चहा शेवटी ठेवला तर शेवटचे दोन कवी सुरू असतानाच मागे कपांची खळखळ सुरू होते.

६. माईक, कूलर, उजेड

आवाजाचं तासभर आधी बघून घ्या, लोक आल्यावर "हॅलो माईक टेस्टिंग" नको. उभा स्टँडवाला माईक घ्या, ज्याची उंची पटकन बदलता येते, कारण सहा कवींच्या सहा उंच्या आणि दर वेळी कोणीतरी वाकून वाचत असतो. तोंड आणि माईक यात एक वीत अंतर. जवळ गेलं की प-फ-भ फुटतात, लांब गेलं की ओळीचा शेवट गिळला जातो, आणि कवितेत तर सगळं शेवटालाच असते.

उन्हाळ्यात घेतलाच कार्यक्रम तर कूलर हा मोठा दुश्मन. तो मोठा डेझर्ट कूलर सुरू असला की हळू आवाजातली कविता तिसऱ्या रांगेच्या पुढे जात नाही. उपाय एवढाच की तासभर आधीपासून खोली थंड करून घ्यायची, वाचन सुरू झालं की कूलरचा पंखा सगळ्यात कमीवर, आणि दर दोन कवींनंतर पाच मिनिटं पूर्ण जोरात. डोक्यावरचा सिलिंग फॅनही बघा, कवीच्या हातातले कागद उडतात, तिथला बंद ठेवा नाहीतर क्लिपबोर्ड द्या. उजेड कवीच्या मागून नाही, खांद्याच्या बाजूने कागदावर पडला पाहिजे. एक साधा टेबल लॅम्प पुरतो.

लाऊडस्पीकर उघड्यावर लावणार असाल, म्हणजे गच्ची किंवा मैदान, तर परवानगी आणि रात्री १० ची मर्यादा लक्षात ठेवा. गच्चीवर चाळीस माणसांना तसा माईक लागतही नाही.

७. निवेदक

कमी बोलणारा शोधा. डायरी घेऊन येणारा आणि दर कवीच्या आधी कोणाच्या तरी चार ओळी म्हणणारा निवेदक घेतला की सातवा कवी तोच होतो, आणि सगळ्यात जास्त वेळ त्याचाच. परिचय दोन वाक्यांत, कवी कुठला आणि काय लिहितो, बस. त्याच्या हातात दोन चिठ्ठ्या द्या, "२ मिनिटं" आणि "धन्यवाद". सहा मिनिटं झाली की पहिली कवीसमोर ठेवायची. हे कवींना आधी सांगून ठेवलं की कोणाला अपमान वाटत नाही.

क्रम लावताना सगळ्यात नावाजलेला कवी शेवटी आणि त्याच्या आधी नवोदित, म्हणजे मोठ्यांना लहानांचं ऐकावं लागते आणि लहानांना भरलेली खोली मिळते. नाहीतर नेहमी काय होते, ज्येष्ठ वाचून निघून जातात आणि पोरं रिकाम्या खुर्च्यांना कविता ऐकवतात.

८. नवोदितांसाठी

नावं दारात वहीवर घ्या, दहा झाली की वही बंद. त्यांना एवढंच सांगा: कविता का सुचली ते सांगू नका, थेट वाचा. मोबाईलवरून वाचणार असाल तर अक्षर मोठं करा, स्क्रीन बंद होण्याची वेळ वाढवा आणि फ्लाइट मोडवर टाका, ऐन कवितेत आत्याबाईंचा फोन येतोच. गझल तालासुरात म्हणायची की सरळ वाचायची हे ज्याचं त्याने ठरवावं, पण गळा नसेल तर सरळ वाचलेलीच बरी, काफिया, म्हणजे शेरातलं यमक, पोचला पाहिजे.

९. दुसऱ्याच्या कविता वाचणार असाल तर

कधी कधी कवी ग्रेस किंवा सुरेश भटांच्याच कवितांची संध्याकाळ करावीशी वाटते, छान कल्पना आहे, पण आपल्या कायद्यात कवीच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क वारसांकडे असतात. सुरेश भट २००३ मध्ये गेले, ग्रेस २०१२ मध्ये, म्हणजे अजून बराच काळ आहे. तिकीट लावून किंवा व्हिडिओ टाकून पूर्ण कार्यक्रम करायचा तर वारसांची किंवा प्रकाशकाची लेखी परवानगी घ्या. तसंच तुमच्या सहा कवींचंही, रेकॉर्डिंग टाकण्याआधी प्रत्येकाला विचारा, कारण न छापलेली कविता नेटवर गेली की दिवाळी अंकवाले ती घ्यायला कुरकुरतात.

१०. त्याच रात्री

पुढच्या बैठकीची तारीख लोक बसलेले असतानाच जाहीर करा. घरी गेल्यावर पेपरला पाच ओळींची बातमी पाठवा, कवींची नावं पत्रिकेवरून तपासून, फोटो एकच आणि त्यात कोणीतरी वाचत असलेलं, रांगेत उभं राहून काढलेला नाही. खर्चाचा हिशोब ग्रुपवर टाका. आणि ज्यांनी मेसेज करून "पुढच्या वेळी आम्हाला पण बोलवा" म्हटलं त्यांची यादी करून ठेवा, पुढच्या सहातले तीन त्यातून घ्यायचे, पण आधी त्यांना एकदा ऐकायला बोलवून.