पेव्सचा आकडा भरताना: बालरोग वॉर्डात नव्याने लागलेल्यांसाठी

पेव्स म्हणजे मुलाची तब्येत बिघडतेय का ते वेळेत कळावं म्हणून गुण देण्याची पद्धत; गुण जितके जास्त, तितका धोका जास्त. पेव्सच्या तक्त्यात सगळ्यात जास्त चोरलं जातं ते श्वास मोजायचं एक मिनिट. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं, की एका श्वासाची चूक चारची होते. त्यात तान्हं बाळ मधेच काही सेकंद श्वास थांबवतं. म्हणून झबलं वर करून, पोटाकडे बघत पूर्ण ६० सेकंद मोजा. मूल रडत असेल तर थांबा. थांबता येत नसेल तर आकड्याशेजारी 'रडत होतं' असं लिहा.

इंग्लंडमधल्या ब्रायटनचा २००५चा पेव्स स्कोअर अजूनही सुटसुटीत वाटतो. वागणूक, रक्ताभिसरण आणि श्वसन, प्रत्येकाला ० ते ३. दर पाव तासाला नेब्युलायझर (श्वासातून औषधाची वाफ देणारं यंत्र) लागत असेल किंवा ऑपरेशननंतर उलट्या थांबत नसतील तर वर आणखी २. एका रकान्यात दोन खुणा जुळत नसतील, तर वाईट असेल ती धरायची.

केशिका भरण्याचा वेळ, म्हणजे दाबलेल्या जागी रक्त परतायला लागणारा वेळ, बघताना छातीच्या मधल्या हाडावर बोटाने पाच सेकंद दाबून सोडा. दोन सेकंदांत रंग परतला तर ०, तीनला १, चारला २, पाच किंवा जास्त लागले तर ३. पायाच्या गार अंगठ्यावर बघाल तर एसीखालचं प्रत्येक मूल सिरियस ठरेल.

सॅच्युरेशन (रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी) ९६ दिसलं म्हणून श्वसनाला ० देऊ नका, ऑक्सिजन किती चालू आहे ते बघा. मिनिटाला ३ लिटरला १, ६ ला २, ८ ला ३.

झोपलेल्या मुलाला वागणुकीत १ मिळतो, त्यामुळे रात्री दोनला अख्खा वॉर्ड सारखाच दिसतो. हलवून बघा. उठवलं म्हणून चिडणारं मूल वेगळं आणि हाकेला डोळेही न उघडणारं वेगळं. आईला विचारा, "रोजच्यासारखा वाटतोय का?"

खरा धोका थकलेल्या मुलाचा. श्वास ७० वरून ४० वर येतो, वेगाचे गुण कमी होतात, पण बरगड्या आत ओढल्या जातायत आणि मूल कण्हतंय. तिथे बेरीज बाजूला ठेवून डॉक्टरांना बोलवा. बीपीवरही विसंबू नका, मुलांचं बीपी फार उशिरा पडतं. आणि नुसत्या आकड्याने कोणी वाचत नाही: टोरंटोच्या बेडसाइड पेव्सची, म्हणजे पेव्सच्याच दुसऱ्या एका तक्त्याची, २१ रुग्णालयांत चाचणी झाली, २०१८ साली निकाल आला, मृत्यू कमी झालेले नव्हते.

फोनवर 'पेशंट बरं वाटत नाहीये' म्हणू नका. 'बेड सात, आठ महिन्यांचं बाळ, दोन तासांत स्कोअर २ वरून ५, श्वसन ३, वागणूक २, ऑक्सिजन ८ लिटर, आत्ता या.' फोनची वेळ चार्टवर टाका. कोणी आलं नाही तर वरच्या डॉक्टरांना लावा, आणि तोवर स्कोअर पुन्हा काढा.