कोल्हापुरात स्टँडजवळच्या हॉटेलात उतरताना

ऑडिटच्या कामासाठी मला वरचेवर कोल्हापूरला जावं लागतं, बहुतेक वेळा एकटीनंच. मी शाहूपुरीत उतरते. मध्यवर्ती बसस्थानक आणि रेल्वे स्टेशन चालत गाठता येतं, अंबाबाईच्या देवळाला रिक्षा लगेच मिळते. अडीच-तीन हजारांत खोली देणारी हॉटेलं इथे एकमेकांना खेटून आहेत. बाहेरून सगळी सारखीच दिसतात. फरक कळतो तो रात्री अकरानंतर.

आधी वार बघा. शनिवार-रविवारी आणि नवरात्रात दर्शनाची गर्दी असते, दर चढतात. शिवाय १८ ऑगस्ट २०२५ पासून मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच इथे सुरू झालंय. सोलापूर-सातारा-सांगलीपासून रत्नागिरी-सिंधुदुर्गापर्यंतचे वकील आणि पक्षकार येतात, त्यामुळे मधल्या वारीही खोली मिळेलच असं धरून चालू नका.

अ‍ॅपवर दर बघा, पण बुकिंग करण्याआधी हॉटेलच्या काउंटरला फोन लावा. चेकआउट चोवीस तासांचं की दुपारी बाराचं, हे पहिल्यांदा विचारा. महालक्ष्मी एक्स्प्रेसनं सकाळी उतरणाऱ्याचं सगळं गणित यावर आहे. बाराचं असेल तर एकतर लॉबीत ताटकळायचं, नाहीतर जादा पैसे मोजायचे. मग विचारा, खोली रस्त्याकडची की मागची? खाली परमिट रूम किंवा लग्नाचा हॉल आहे का? लग्नसराईत हॉलवरच्या मजल्यावर झोप लागत नाही.

पोचल्यावर रजिस्टरवर सही करण्याआधी खोली बघा. ‘खोली दाखवता का?’ असं सरळ म्हणावं, चांगल्या हॉटेलात कुणी नाक मुरडत नाही. आत गेल्यावर एसी बंद करायला सांगा आणि मिनिटभर गप्प उभ्या राहा. जनरेटर, लिफ्ट, शेजारचा टीव्ही, जे काही आहे ते ऐकू येतं. पडदा सारून खिडकी उघडा. काही खिडक्या डक्टमध्ये उघडतात आणि किचनच्या फोडणीचा वास रात्रभर खोलीत राहतो. मी मागच्या बाजूची, वरच्या मजल्यावरची खोली मागते. एका हॉटेलात तशी कोपऱ्यातली खोली आहे, खिडकीतून शेजारच्या गच्चीवरच्या तुळशी दिसतात. टाइल्स जुन्या आहेत, गादी कडक आहे, पण चादर कडक इस्त्रीची असते. लॉबीतल्या झुंबरापेक्षा मला ते मोलाचं वाटतं.

बाथरूममध्ये गरम पाण्याचा नळ सोडून बघा. सोलरचं पाणी असेल तर सकाळी सगळे एकदम आंघोळीला गेल्यावर ते संपतं, म्हणून खोलीत गिझर आहे ना हे बघून घ्या. एकट्या बाईनं दाराची आतली कडी स्वतः लावून बघावी. ढिली असेल तर खोली बदलून मागा, यात भीड नको.

ओळखपत्र म्हणून मी ड्रायव्हिंग लायसन्स देते. आधार द्यायचंच झालं तर पहिले आठ आकडे झाकलेलं, मास्क्ड आधार द्या. झेरॉक्सवर तारीख आणि हॉटेलचं नाव लिहून ठेवा. कंपनीचं नाव, जीएसटी नंबर बिलावर हवा असेल तर तेव्हाच सांगा, निघताना काउंटरवर घाई असते.

दरात नाश्ता धरलेला असतो, पोहे, उपमा, इडली, ब्रेड-बटर. तो किती वाजता लागतो ते विचारा. तुम्हाला सातला बाहेर पडायचं असेल तर नाश्ता वगळून दर मागा, आणि बाहेर पावाच्या स्लाइससोबत मिसळ खा. रात्रीही हॉटेलच्या पनीरपेक्षा जवळच्या एखाद्या खानावळीतलं तांबडा-पांढऱ्याचं ताट शंभर पटीनं चांगलं.

बिल ओळीनं वाचा. दिवसाला साडेसात हजारांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ टक्के जीएसटी आहे, आधी तो १२ टक्के होता. जेवणाच्या बिलात सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. लावला असेल तर काढायला सांगा, ऐकलं नाही तर ग्राहक हेल्पलाइन १९१५. रूम बॉयला मात्र हातात काहीतरी द्या, पहाटे सहाला चहा तोच आणून देतो.

रात्रीची गाडी असेल तर बॅग काउंटरला ठेवून घेतात. पावती किंवा टोकन मागून घ्या आणि निवांत रंकाळ्यावर जा.