नदीकाठ आणि द्राक्षमळ्यांतून धावण्याची वाट कशी आखावी

द्राक्षांच्या प्रदेशात गेल्यावर बरेच धावपटू मुक्कामाच्या दारातून निघतात, समोर दिसेल तो रस्ता धरतात आणि निम्मं अंतर झालं की मागे फिरतात. पाय मोकळे होतात, पण त्या प्रदेशातलं खरं सुख हुकतं. नदी आणि तिच्यावरचे उतार यांचं नातं नकाशात ओळखता आलं, तर एकाच फेरीत सपाट काठावरचा वेगही मिळतो आणि मळ्यांतली चढणही. जर्मनीतलं मोझेल, ऑस्ट्रियातलं वाखाउ आणि पोर्तुगालमधलं दोउरो या तिन्ही खोऱ्यांत नदी आहे आणि उतारावर द्राक्षं आहेत. तरीही तिथल्या वाटा तीन वेगळ्या पद्धतींनी आखाव्या लागतात.

आधी नदीची वळणं बघा

नागमोडी वळणाच्या बाहेरच्या बाजूला पाणी काठ पोखरत जातं, त्यामुळे तिथे उतार उभा असतो. आतल्या बाजूला गाळ साचतो आणि जमीन हळूहळू चढत जाते. मोझेल हे याचं उत्तम उदाहरण आहे. ब्रेम गावाजवळ नदी जवळजवळ पूर्ण वळसा घेते आणि बाहेरच्या अंगाला काल्मोंटचा उतार उभा राहतो. युरोपातल्या सर्वांत उभ्या द्राक्षमळ्यांमध्ये त्याची गणना होते. काही ठिकाणी उतार ६० अंशांच्याही पुढे जातो. तिथल्या पायवाटेवर लोखंडी शिड्या आणि आधाराच्या तारा आहेत. ती वाट चालणाऱ्यांची आहे, धावण्याच्या आराखड्यात तिला घेऊ नका.

थंड प्रदेशात द्राक्षांना ऊन कमी पडतं, म्हणून उत्तर गोलार्धात मळे दक्षिणेकडे तोंड करून असलेल्या उतारांवर लावतात. नकाशात मळे कुठे आहेत हे पाहिलं की ऊन कुठे असणार तेही कळतं. ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या ऑनलाइन नकाशावर द्राक्षमळे वेगळ्या खुणेने दाखवलेले असतात. त्यावर समोच्च रेषा असलेला नकाशा ठेवून बघा. नवशिक्यांनी वळणाच्या आतली बाजू निवडावी, चढाचा सराव हवा असेल त्यांनी बाहेरची.

काठालगतची वाट सपाट असते, त्याला कारण आहे. इंजिनं येण्याआधी प्रवाहाच्या उलट दिशेने जाणाऱ्या नावा घोडे किंवा माणसं दोरीने ओढत नेत. त्यांच्यासाठी केलेल्या वाटांवरून आज अनेक ठिकाणी सायकलमार्ग जातात. तिथे धावताना एका कडेने राहा आणि दोन्ही कानांत इअरफोन घालू नका. मागून येणाऱ्या सायकलची घंटा ऐकू यायला हवी.

मग पूल शोधा

फेरीची लांबी तुमच्या इच्छेवर ठरत नाही, ती पुलांवर ठरते. वाखाउमध्ये मेल्क ते क्रेम्स हा डॅन्यूबचा सुमारे ३५ किलोमीटरचा पट्टा आहे आणि या दोन टोकांच्या मध्ये नदीवर एकही पूल नाही. पलीकडे जायचं तर श्पिट्झ किंवा वाइसेनकिर्खेनसारख्या गावांतून फेरीबोट घ्यावी लागते. या बोटी आडव्या तारेला बांधलेल्या असतात आणि प्रवाहाच्या जोरावर पलीकडे सरकतात. ज्याला नदी आवडते त्याने एकदा तरी त्यांत बसावं. मात्र शेवटची बोट किती वाजता सुटते आणि त्या ऋतूत सेवा चालू आहे का, हे निघण्याआधीच पक्कं करा.

पूलही नाही आणि बोटही नाही, तर एकेरी वाट आखा आणि रेल्वेची मदत घ्या. दोउरोमध्ये पोर्तोहून पोसिन्योपर्यंत जाणारी रेल्वे बराच काळ नदीला चिकटून धावते. रेल्वेने आधी पुढे जावं आणि धावत मुक्कामाकडे यावं. उलट केलं तर शेवटचे काही किलोमीटर गाडी चुकेल या धास्तीत जातात.

दोउरोबद्दल एक सावधगिरी. रेग्वा आणि पिन्यांव यांच्या दरम्यान एका काठावर रेल्वे आहे आणि दुसऱ्या काठावर एन-२२२ हा वळणावळणांचा मोटाररस्ता. पाण्याशेजारून जातो म्हणून त्या रस्त्याचा मोह होतो, पण त्याच्या कडेला धावणाऱ्याला जागा नाही. तिथे वर चढून शिस्ट दगडाच्या पायऱ्यापायऱ्यांनी रचलेल्या मळ्यांमधल्या कच्च्या वाटा शोधाव्यात. गर्दी कमी असते आणि नदीही तिथूनच नीट दिसते.

चढाचा हिशोब मांडा

मळ्यांतले रस्ते ट्रॅक्टरसाठी केलेले असतात. उताराला आडवे जाणारे रस्ते बहुधा सौम्य असतात, पण एका थरावरून वरच्या थरावर नेणारे जोडरस्ते छोटे आणि फार उभे असतात. नकाशावर ही दोनशे मीटरची रेघ निरुपद्रवी वाटते. प्रत्यक्षात पोटऱ्या तिथेच भरून येतात.

विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये चालणाऱ्यांसाठी एक ठोकताळा मांडला होता. त्यावरून असं धरता येतं की १०० मीटर उंची चढणं म्हणजे सपाटीवर सुमारे ८०० मीटर जास्तीचे. म्हणजे १२ किलोमीटरच्या वाटेत ३०० मीटर चढ असेल तर श्रम साधारण १४.४ किलोमीटरचे समजा आणि वेळ त्या हिशोबाने ठेवा. घड्याळातल्या वेगाकडे तिथे बघूच नका.

माझ्या मते उत्तम रचना अशी: पहिले तीन-चार किलोमीटर नदीकाठाने, शरीर तापेपर्यंत. मग उभ्या जोडरस्त्याने वर, गरज पडली तर चालत. त्यानंतर मळ्यांच्या मधल्या उंचीवरच्या आडव्या रस्त्याने परत, आणि शेवटी सर्वांत सौम्य उताराने खाली. चढायला उभा रस्ता चालतो, पण उतरायला नको. सिमेंटच्या उभ्या उतारावर मांड्या आणि गुडघ्यांना बसणारा मार दुसऱ्या दिवशी कळतो.

मळा हे कुणाचं तरी शेत आहे

या मुद्द्यावर मी आग्रही आहे. रस्ता सोडून वेलींच्या ओळींमध्ये शिरू नका, फोटोसाठीसुद्धा नाही. फायलोक्सेरा ही वेलींच्या मुळांतला रस शोषणारी कीड एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतून युरोपात पोहोचली आणि तिने फ्रान्समधले मळे उद्ध्वस्त केले. अमेरिकी खुंटांवर कलमं करूनच ते पुन्हा उभे राहिले. ही कीड बुटांना चिकटलेल्या मातीतूनही पसरते. ऑस्ट्रेलियातलं साउथ ऑस्ट्रेलिया हे राज्य अजून तिच्यापासून मुक्त आहे आणि तिथे मळ्यांच्या फाटकांवर आत न येण्याच्या सूचना असतात. एका द्राक्षप्रदेशातून दुसऱ्यात जाताना बुटांचे तळवे घासून स्वच्छ करा. पाच मिनिटांचं काम आहे.

दुसरी गोष्ट फवारणीची. केवडा रोगासाठी मोरचूद आणि चुन्याचं बोर्डो मिश्रण आजही वापरलं जातं, भुरीसाठी गंधक, शिवाय इतर औषधं असतात. पानांवर ताजे निळसर डाग दिसले, औषधाचा वास आला किंवा फवारणीचा ट्रॅक्टर दिसला तर ती वाट त्या दिवशी सोडा आणि वाऱ्याच्या वरच्या अंगाने दुसरी धरा.

खुडणीचा काळही आधी पाहून ठेवा. उत्तर गोलार्धात साधारण ऑगस्ट ते ऑक्टोबर, दक्षिण गोलार्धात फेब्रुवारी ते एप्रिल. जर्मनीत खुडणीच्या आधी काही गावं मळ्यांतल्या वाटा लोकांसाठी बंद करतात. तशी पाटी दिसली की काठावर उतरा. पक्षी हाकलायला लावलेल्या गॅसच्या तोफा अचानक वाजतात, दचकून पाय घसरू देऊ नका. कॅलिफोर्नियातल्या नापासारख्या भागात मळ्यांमधल्या वाटा बहुतेक खासगी आहेत, म्हणून तिथे व्हाइन ट्रेलसारख्या सार्वजनिक मार्गावरच धावा.

वेळ आणि हवा

रात्री थंड हवा उतारावरून घरंगळत खाली साचते. त्यामुळे शरद ऋतूत सकाळी काठावर दाट धुकं असतं, आणि त्याच वेळी शंभर मीटर वर लख्ख ऊन असू शकतं. अशा दिवशी क्रम उलटा करा, आधी वर जा. उन्हाळ्यात मात्र मोझेलचा काळा पाटीचा दगड दिवसभर ऊन शोषतो आणि संध्याकाळी तीच उष्णता परत सोडतो, म्हणून वरचा भाग सकाळीच उरका. ऱ्होनच्या खोऱ्यात मिस्त्राल हा उत्तरेचा जोरदार वारा वाहत असेल तर निघताना उत्तरेकडे तोंड करा, परतताना तो पाठीशी राहील.

जोराचा पाऊस झाल्यावर काठाची वाट सर्वांत आधी पाण्याखाली जाते. पाणी ओसरल्यावरही तिच्यावर गाळाचा निसरडा थर राहतो. वाखाउच्या काही भागांतली लोएस मातीही ओली झाली की बुटांना गोळ्यांनी चिकटते. अशा दिवसांत खडीचा किंवा डांबरी रस्ता घ्या.

पाणी आणि वाइन

मळ्यातला नळ दिसला म्हणून पाणी पिऊ नका, ते सिंचनाचं असू शकतं. जर्मन पाट्यांवर ‘काइन ट्रिंकवासर’ आणि फ्रेंच पाट्यांवर ‘ओ नों पोताब्ल’ म्हणजे ते पिण्याचं नाही. एका तासाहून मोठ्या फेरीत बाटली किंवा पाण्याची पाठपिशवी सोबत ठेवा, कारण दोन गावांच्या मध्ये सावलीही मिळत नाही.

फ्रान्समधल्या मेदोक मॅरेथॉनमध्ये वाटेतच वाइन देतात, धावणारे वेषांतर करून येतात आणि तो सगळा उत्सव असतो. एरवी चाखण्याची वेळ धावून झाल्यानंतरची ठेवा. आधी पाणी प्या, काहीतरी खारट आणि पोटभरीचं खा आणि तासाभराने वाइनच्या तळघराकडे वळा. छोट्या उत्पादकांकडे बहुधा आधी कळवून जावं लागतं. चाखायचं असेल त्या दिवशी गाडी चालवायचं काम न पिणाऱ्याकडे द्या, किंवा मुक्कामापासून चालत जाता येईल असंच तळघर निवडा.