जिन्यातल्या पिचकाऱ्या थांबत नाहीत? पाटी लावताना या चुका टाळा

नागपुरातल्या जुन्या कॉम्प्लेक्सचा जिना बघा, सीताबर्डी असो की इतवारी. वळणावरचा कोपरा लालभडक, खाली खर्ऱ्याच्या चुरगळलेल्या पन्न्या आणि वर पाटी: 'रोज शेकडो लोक इथे थुंकतात. लाज बाळगा!' घोळ त्या पाटीतच आहे. वाचणारा लाज बाजूला ठेवतो आणि 'शेकडो लोक' तेवढं घेतो.

अमेरिकेत ॲरिझोनातल्या अश्मीभूत (लाकडाचा दगड झालेल्या) जंगलातून पर्यटक लाकडाचे तुकडे खिशात घालून नेत. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट चाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी वाटेवर खुणा केलेले तुकडे ठेवून पाट्या तपासल्या. 'आधी अनेकांनी लाकूड नेलं' असं सांगणाऱ्या पाटीजवळून सुमारे 8 टक्के तुकडे गेले. 'कृपया नेऊ नका' म्हटल्यावर 2 टक्क्यांहून कमी. तेव्हा आकडे गाळा, मागायचं ते सरळ मागा. पण आधी भिंत रंगवा. रंगलेला कोपरा पाटीपेक्षा मोठ्याने बोलतो. देवांच्या टाइल्सही लावतात लोक. तोंड भरलेला माणूस मग दोन पायऱ्या खाली जाऊन थुंकतो. त्याला खाली गेटपाशी रेतीचा डबा तरी द्या ना!

दंडाचंही जपून. इस्राएलमधल्या हैफात पाळणाघरांनी मुलांना उशिरा नेणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. पालकांना ती फी वाटली. दंड काढल्यावरही सवय गेली नाही (हा अभ्यास 2000 साली छापून आला). पन्नास रुपये फेकून थुंकणारा आपल्याकडेही निघेलच.

आकड्यांचा असाच घोळ विजेच्या बाबतीतही होतो. मे महिन्यात कूलर-एसीची सरासरी युनिटं सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणारे उत्साही सेक्रेटरी असतात. कॅलिफोर्नियातल्या 2007 च्या अभ्यासात शेजाऱ्यांच्या सरासरीशी अशी तुलना चिठ्ठीवर दाखवल्यावर जास्त वीज जाळणारी घरं खाली आली, पण आधीच काटकसर करणारी वर सरकली. त्यांच्या चिठ्ठीवर हसरा चेहरा काढला, तेव्हा ती वाढ जवळपास थांबली. म्हणजे कमी वापरणाऱ्याला शाबासकी हवीच.

आणि हे सगळं एका दमात करू नका, नाहीतर कशाने फरक पडला ते कळणारच नाही. नवी पाटी एकाच विंगमध्ये लावा, दुसरीत जुनीच राहू द्या आणि महिनाभर रोज ठरल्या वेळी दोन्ही कोपऱ्यांचे फोटो काढा. मात्र दोन्ही जिने एकाच दिवशी रंगवा.