वर्ड हँग होतंय? ॲड-इनच्या बाबतीत या चुका टाळा

वर्ड उघडताना अडकलं किंवा सेव्ह करताना खिडकी पांढरी पडली, की आपल्याकडे पहिला सल्ला ठरलेला: फॉरमॅट मारा. लॅमिंग्टन रोडवरून माणूस येतो, विंडोज नव्याने घालतो, दोन दिवस मशीन पळतं. मग तेच जुनं ॲड-इन, म्हणजे वर्डला जादा सोयीसाठी जोडलेला छोटा प्रोग्राम, पुन्हा टाकलं जातं आणि रडगाणं परत सुरू. नुसतं ऑफिस काढून पुन्हा घातल्यानेही बहुतेक वेळा काही होत नाही, कारण वर्डची नॉर्मल टेम्प्लेट (नव्या फाइलींचा मूळ साचा) आणि स्टार्टअप फोल्डरमधल्या, वर्डसोबत आपोआप उघडणाऱ्या टेम्प्लेट्स युजरच्या प्रोफाइलमध्ये असतात. त्या तिथेच राहतात.

म्हणून पहिली चूक म्हणजे चाचणी न करता ॲड-इनला दोष देणं. चाचणी अर्ध्या मिनिटाची आहे. वर्ड पूर्ण बंद करा, कंट्रोलचं बटण दाबून धरा आणि वर्डच्या आयकॉनवर डबल-क्लिक करा. सेफ मोडमध्ये उघडू का, असं विचारेल, हो म्हणा. या मोडमध्ये ॲड-इन्स लोड होत नाहीत. त्रास गेला तर संशय खरा असण्याची शक्यता बरीच. त्रास तसाच राहिला तर ॲड-इन्सच्या मागे लागू नका.

मग कुठे बघायचं? आधी प्रिंटर बघा. वर्ड पानाची मांडणी डिफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला विचारून करतं. फोर्टच्या ऑफिसातला नेटवर्क प्रिंटर डिफॉल्ट ठेवून लॅपटॉप डोंबिवलीला घरी नेला, की वर्ड त्या न सापडणाऱ्या प्रिंटरची वाट बघत बसू शकतं. घरी असताना 'मायक्रोसॉफ्ट प्रिंट टू पीडीएफ' डिफॉल्ट करून बघा.

दुसरी चूक जास्त महागात पडते: एकाच यादीत शोधणं. फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स असं गेलात की अगदी खाली 'मॅनेज' नावाची पट्टी असते. त्यात कॉम ॲड-इन्स (वेगळं इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामच्या रूपातली ॲड-इन्स) निवडून 'गो' दाबलं की टिकमार्कची यादी येते, आणि बहुतेक जण तिथेच थांबतात. त्याच पट्टीत टेम्प्लेट्सची वेगळी यादी आहे आणि 'डिसेबल्ड आयटम्स'चीही.

गिरगावातल्या एका छापखान्यात, दिवाळी अंकाची प्रुफं चालू असताना, वर्ड बंद करताना दर वेळी विचारायचं: नॉर्मल टेम्प्लेटमध्ये बदल झालेत, सेव्ह करायचे? ऑपरेटरने कंटाळून ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधली ती विचारणाच बंद केली. टिक काढल्याने प्रश्न थांबतो, बदल थांबत नाहीत. वर्ड आता गुपचूप सेव्ह करू लागलं आणि कुणाच्या लक्षातही येईना. कॉम ॲड-इन्सची यादी अगदी स्वच्छ होती. शेवटी ॲडव्हान्स्डमध्येच तळाशी 'फाइल लोकेशन्स' उघडून स्टार्टअप फोल्डरचा पत्ता काढला. आत जुन्या फॉन्टचं युनिकोड करणाऱ्या कन्व्हर्टरच्या दोन टेम्प्लेट्स निघाल्या, एक जुनी आणि एक नवी. दोन्ही रोज लोड होत होत्या, आणि जुनीतला मॅक्रो (आपोआप चालणाऱ्या आज्ञांचा छोटा संच) वर्ड सुरू होताच नॉर्मलमध्ये हात घालत होता. जुनी फाइल उचलून डेस्कटॉपवर ठेवली आणि प्रश्न येणं थांबलं. फाइल उडवली नाही, हे मुद्दाम सांगतो.

ॲड-इन्स पुष्कळ असतील तर सगळी एकदम बंद करू नका. वर्ड नीट चालेल, पण गुन्हेगार कळणार नाही. निम्मी बंद करा, वर्ड पुन्हा उघडा, बघा. उरलेल्यांचे पुन्हा दोन भाग करा. दर वेळी टास्क मॅनेजरमध्ये वर्डची जुनी प्रोसेस शिल्लक नाही ना, तेही पाहा. क्लासिक आउटलुकही बंद ठेवा, कारण त्याचा एडिटर वर्डचाच आहे.

उलटी तक्रारही येते: ॲड-इनच गायब झालं, तीनदा इन्स्टॉल केलं तरी दिसत नाही. एखाद्या ॲड-इनमुळे वर्ड क्रॅश झालं तर वर्ड त्याला डिसेबल्ड आयटम्समध्ये टाकू शकतं. तिथून सोडवल्याशिवाय ते बरेचदा परत येत नाही. तिथेही नसेल तर फाइल, अकाउंट, अबाउट वर्डमध्ये 32-बिट की 64-बिट ते बघा. जुनं 32-बिट कॉम ॲड-इन 64-बिट ऑफिसात चालत नाही. आणि टिक काढताना 'ही स्थिती बदलता येत नाही' अशा अर्थाचा संदेश आला, तर ते ॲड-इन सगळ्या युजर्ससाठी बसवलेलं आहे; वर्ड ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडा.

नॉर्मल टेम्प्लेट बिघडली म्हणून थेट डिलीट करणारे धाडसी लोकही आहेत. नाव बदला, वर्ड स्वतः नवी बनवतं. जुनीत तुमचे मॅक्रो, शॉर्टकट आणि ठरवलेल्या स्टाइल्स असतात.

मॅक्रो अडले म्हणून ट्रस्ट सेंटरमध्ये, म्हणजे वर्डच्या सुरक्षेच्या सेटिंगमध्ये, सगळे मॅक्रो खुले करून टाकणं ही तर शुद्ध बेफिकिरी. इंटरनेटवरून आलेल्या फाइलींचे मॅक्रो 2022पासून मायक्रोसॉफ्ट मुळातच अडवतं. फाइल खात्रीच्या माणसाकडून आली असेल, तर तिच्या प्रॉपर्टीजमध्ये 'अनब्लॉक'ला टिक करा, त्या एकाच फाइलपुरती.

कलिन्यात पीएच.डी.चा प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी एक जपून करायची गोष्ट. झोटेरोसारखं संदर्भांचं ॲड-इन बंद केलं तरी प्रबंधातले संदर्भ जागेवर राहतात. पण त्रास टाळायला म्हणून 'अनलिंक सायटेशन्स' दाबलंत, तर ते साधा मजकूर होतात आणि त्या प्रतीत पुन्हा जोडता येत नाहीत. ते बटण नेहमी वेगळ्या प्रतीवर दाबा, तेही प्रबंध सादर करायच्या वेळी.